माया ठेवून कापलेली बासरी

"अक्काची झोप माझ्यावर सोड," शिंप्यानं बायकोला सांगितलं, तेही गळ्यातली टेप न काढता. कुठलंही काम आपल्या मापाबाहेरचं आहे असं या माणसानं उभ्या आयुष्यात कबूल केलं नव्हतं, मग ते जमो की न जमो.

भावोजी गेले आणि थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. भावोजी दुपारभर बासरी वाजवायचे, त्या सुरांवर तिला झोप लागायची. तशा एका दुपारचं सलग रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर होतं. अक्काच्या खोलीत जुना म्युझिक सर्व्हर होता. घरात त्याला पेटी म्हणत. यातून काढून त्यात घालायचं, एवढंच.

त्यानं डिस्क भरून पेटीला लावली. पेटी म्हणे, डिस्क ओळखता येत नाही. पेटीला कळेल अशा जुन्या पद्धतीनं डिस्क फॉरमॅट केली, तर कॉम्प्युटर अडून बसला: फाईल फार मोठी आहे. नव्याजुन्याच्या भांडणात बासरी अधांतरी. शेवटी त्यानं कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला.

"जुन्या पद्धतीत एवढी मोठी फाईल मावत नाही. तुकडे करा," दुकानदार म्हणाला.

"कापायचंच ना? मग आधी नाही का सांगायचं?"

आणि त्यानं कापली. पण शेवटी शिंपीच तो. जोडाच्या जागी माया, म्हणजे शिलाईपुरतं जादा कापड, न ठेवता कात्री चालवणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. बासरीत किती माया ठेवतात कुणास ठाऊक, त्यानं अंदाजानं पाव तास धरला. म्हणजे पहिल्या तुकड्याचा शेवटचा पाव तास पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला पुन्हा आलाच.

दुपारी पेटी सुरू झाली. ऊन फरशीवर पसरलं होतं, पडदा हलकेच हलत होता. सूर असे उतरत गेले की बाहीचं माप द्यायला आलेल्या बाई खुर्चीतच पेंगल्या. अक्काच्या पापण्या जडावल्या. एवढ्यात बासरी थांबली आणि पेटीतून भावोजी म्हणाले, "अगं, चहा टाकतेस ना?"

अक्का उठली. अर्धवट झोपेतच चहा केला, कप पेटीपुढे ठेवला आणि पुन्हा आडवी झाली. जरा वेळानं मघाचेच सूर परत आले, आणि भावोजीही. "अगं, चहा टाकतेस ना?"

झोपवायला निघालो आणि बहिणीचं दुःख उसवून बसलो, असं शिंप्याला झालं. तो पेटी बंद करायला धावला.

"हात लावू नकोस," अक्का म्हणाली. "दोनदा सांगायचेच ते. एका हाकेला मी कधी उठलेय?" तिनं दुसरा कप आणून ठेवला. "घ्या हो. आता वाजवा निवांत." कुशीवर आडवी होऊन तिनं डोळे मिटले आणि चक्क घोरायला लागली.

शिंप्याचा जीव भांड्यात पडला, डोळेही भरून आले. बायको भिंतीला टेकून केव्हाच झोपली होती. चहा वाया कशाला घालवायचा, म्हणून दोन्ही कप त्यानंच संपवले.

हल्ली रोज दुपारी बासरी लागते आणि सगळं घर गाढ झोपतं. शिंपी तेवढा टक्क जागा असतो, कारण भावोजींना चहा फार कडक लागायचा.