परमुलखातली माझी खोली

मी एकदा ठरवलं की ठरवलं! वाटणीत पुढच्या दोन खोल्या मला आणि मधली मोठी धाकट्या भावाला आली, तेव्हा मागची खोली मी हट्टाने मागून घेतली. तिचं दार धाकट्याच्या खोलीत उघडतं, हे सही केल्यावर लक्षात आलं. खोली माझी, पण वाट परमुलखातून. माझं कुलूपसुद्धा त्याच्या घरात लटकतं.

पुढे रेडिओच्या आवाजावरून आमचं वाजलं आणि त्याच्या घरात पाऊल ठेवणार नाही, असं मी त्याला तोंडावर सुनावलं.

आज मुलीच्या होणाऱ्या सासरचे लोक पहिल्यांदाच येणार होते आणि घडीच्या सगळ्या खुर्च्या मागच्या खोलीत!

"भाऊजींकडून जाऊन आणते," बायकोने किल्ली उचलली.

"खबरदार. मी खिडकीतून जातो."

"अहो, वय काय, करताय काय? पोरीच्या लग्नाचं तरी बघा."

मी अंगणात शिडी लावली, पोट आत ओढलं आणि खिडकीतून खोलीत पडलो. पाठोपाठ शिडीही पडली, पण बाहेर.

हाक मारली असती तर धाकट्याने ऐकली असती. म्हणून मारली नाही. बायको शोधत येईल, या भरवशावर खुर्च्या पुसत बसलो.

थोड्या वेळाने दारापलीकडे अनोळखी हसणं ऐकू आलं. पाहुणे लवकर आले होते. आमच्याकडे बसायला काही नाही, म्हणून बायकोने त्यांना थेट धाकट्याच्या सोफ्यावर नेऊन बसवलं होतं.

"आमचे दादा फार तत्त्वाचे," धाकटा सांगत होता. "येतीलच."

मुलीच्या लग्नाची बोलणी आणि बाप अडगळीत! मी दार वाजवलं. बायकोने कुलूप काढलं. डोक्यावर कोळ्याची जाळी, दोन्ही काखांत खुर्च्या, असा मी उभा. मुलीने डोळेच मिटून घेतले.

"ये दादा, बस," धाकट्याने सोफ्यावर जागा केली.

पण शब्द म्हणजे शब्द. मी उंबऱ्याच्या अलीकडे, माझ्या हद्दीत, खुर्ची उघडून बसलो.

"इकडे या की," व्याही म्हणाले.

"इथे वारा छान लागतो."

धाकटा उठला, उंबरा ओलांडून आला आणि दुसरी खुर्ची माझ्याशेजारी मांडून बसला. "मी कुठे शपथ घेतलीय?" तो पुटपुटला. मला जरा भरूनच आलं.

लग्न ठरलं. पाहुणे गेले. आता घरी जायचं कसं?

"जरा शिडी लावून देतोस का?" मी धाकट्याला हळूच विचारलं.

त्याने दिली. खाली धरूनही ठेवली.