देवरावभाऊंची डावी काच

देवरावभाऊंना ताप आला, तर ते आधी थर्मामीटर तपासतात, मग स्वतःला. "लाईनीनं चला, सर. मधातच उडी मारली का माणूस फसला," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

सौंसरला ते माझे शेजारी. कापूस आणि संत्री वाहायला त्यांच्याकडे एक जुनी पिकअप आहे. तिच्या काचा बटणावर चालतात, कारण पहिला मालक पुढारी होता. जनतेला हात दाखवण्याआधी हँडल फिरवत बसणं त्याला कमीपणाचं वाटे.

त्यातली डावी काच वरच अडकली होती. डावीकडे वहिनी बसतात, आणि काच बंद असली की त्यांना गाडी लागते. दोन वर्षांपासून त्या नातवाला सांभाळायला मुलाकडे नागपूरला आहेत. वर्षातून एकदा पंधरा दिवस येतात, याच गाडीतून. यंदा फोनवर म्हणाल्या, "घ्याले या, पण काच दुरुस्त करून या." भाऊंनी ते वचन समजून जपलं.

मग दर रविवारी दाराचं आतलं कव्हर निघू लागलं. स्क्रू निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले जात. मला बटण दाबायला बसवलं जाई.

"दाबा, सर. आता सोडा. काऊन दाबून राहिले अजून?"

फ्यूज ठीक. बटण ठीक. वायरला बल्ब लावला, तो पेटला. मोटर गुरगुरायची आणि थकून गप्प व्हायची.

चौथ्या रविवारी मी सहज काचेच्या रबरी खाचेत बोट घातलं. ते काळं आणि केसाळ होऊन बाहेर आलं.

"भाऊ, इथं तेल कोणी घातलं?"

"मीच. दर शनिवारी जामसावळीच्या मारुतीले वाहून उरते थे. प्रसादाचं तेल हाय, सर!"

त्या तेलावर कापसाचा भुगा बसून खाचेत चांगली गादी तयार झाली होती. भाऊंनी फ्यूजपासून मोटरपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला होता. मारुतीच्या तेलावर घ्यायची छाती झाली नव्हती.

आम्ही काडीने खाच कोरली, साबणाच्या पाण्याने पुसली, सुकू दिली. बटण दाबलं. काच करकरली आणि सरसर खाली गेली.

भाऊंनी हात धुतले, शर्ट बदलला आणि फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"अवं, ऐक..."

पण वहिनींनाच आधी बोलायचं होतं. "अहो, नातवाच्या परीक्षा आल्या. सूनबाई सकाळीच ड्युटीवर जाते, त्याले कोण पाहील? कसं सांगू तुमाले... तुम्ही तिकडे वाट पाहून राहिले असान..."

भाऊंनी उघड्या खिडकीकडे पाहिलं.

"अवं, मीबी थेच सांगून राहिलो होतो," ते म्हणाले. "काच काही निघाली नाही. मोटरच जळली. यंदा कायले येतं? राहा आरामात."

पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू आला. "मंग झाली का सांगजा."

"हो नं."

फोन खिशात ठेवून ते गाडीला वळसा घालून गेले आणि डाव्या बाजूला बसले. खिडकीवर कोपर टेकवून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मी घरी जायला उठलो, तेव्हा म्हणाले, "इकडून हवा चांगली येते, सर."