मिटल्या डोळ्यांनी काढलेलं नाक

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे दिगंबरकाका माणसाला समोर बसवून त्याचं चित्र काढतात, पण डोळे मिटून. आधी चहा संपेपर्यंत तुमच्याकडं टक लावून बघतात. मग कागद ओला करतात, डोळे गच्च मिटतात आणि ब्रश चालवतात. ओल्या कागदावर जलरंग वाट्टेल तिकडं पळतात. माझं नाक कानापर्यंत गेलं होतं.

"काका, ही मी?"

"व्हय तर! पाण्याला जाऊ दे की जरा. तुझ्यासारखं सगळं रांगेत लागतं का त्याला?"

मला लागतं. माझ्या फ्रिजवर आठवड्याची यादी असते. त्यामुळं काकांचे ओले चेहरे गच्चीत माझ्या टॉवेलांशेजारी चिमट्यांना लटकलेले दिसले, की माझं डोकं फिरायचं. तळमजल्यावरचे शेखभाई तर एकदा स्वतःसमोरच थबकले.

"काका, ये कौन है? उल्टा कायकू लटकाया?"

"तूच हायेस. दाढी लई झाली, थोडी कपाळाकडं उतरवतोय."

यंदा दिवाळीनंतर त्यांना घाई सुटली. एकेका घरात शिरून माणसं धरून बसवू लागले. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेलेला. आता डाव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन ठरलं होतं. काकू गेलेल्या, मूलबाळ नाही. पिशवी मीच भरली: कागदपत्रं, थेंब, काळा चष्मा, बिस्किटं.

दवाखान्यात जायला आम्ही रिक्षा केली. छावणीचा रस्ता मागं पडल्यावर काका हळूच म्हणाले, "डाव्यानंही दगा दिला, तर अंधारात एकट्यानं काय करू? तुम्ही सगळे हाताला पाठ पाहिजेत. म्हणून सराव चालला होता."

मी पिशवी पुन्हा तपासली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी समोरची अक्षरं वाचायला सांगितली. काका माझ्याकडंच बघत राहिले.

"अगं, केस किती पिकले तुझे! मी उगाच काळा रंग संपवला."

रागवायचं सोडून मी पिशवीतला काळा चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

परवा त्यांनी मला पुन्हा समोर बसवलं. या वेळी डोळे टक्क उघडे. नाक पुन्हा कानापर्यंत.

"आता तर दिसतंय ना, काका?"

"दिसतंय की. लई छान दिसतंय."

गच्चीत जाऊन मी माझे टॉवेल बाजूला सरकवले आणि ते चित्र नीट दोन चिमटे लावून वाळत घातलं.