प्रवाळाची प्रकृती

मुरुडच्या बाजूला, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावरच्या एका डबक्यात प्रवाळ आहे आणि ते जिवंत आहे, असं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मैथिलीबाईंनी जाहीर केलं. तिथेच त्या चुकल्या. परातीएवढं होतं बिचारं. आजवर कुणीच काळजी न घेतल्यामुळे छान वाढलं होतं.

संरक्षण म्हटल्यावर समिती आली. अध्यक्ष झाले भाऊ. त्यांची नारळीपोफळीची वाडी समुद्राला लागून, त्यामुळे सागरी विषयातला अधिकार वंशपरंपरागत. समितीने प्रवाळ आरोग्य स्वयंसेवक नेमले, त्यांना निळे टी-शर्ट दिले आणि दर ओहोटीला प्रकृती तपासण्याचे आदेश काढले.

"हात लावू नका हो, नुसतं पाहा," मैथिलीबाई कळवळून सांगत.

"अहो बाई, नाडी धरल्याशिवाय प्रकृती कळायची कशी?" भाऊ म्हणाले.

मग सगळ्यांनी आळीपाळीने नाडी धरली. रुग्ण फिकट दिसतो असं आढळल्यावरून तपासणीच्या फेऱ्या वाढवण्यात आल्या. त्याने रुग्ण आणखी फिकटला. तेव्हा बाब गंभीर असल्याचं मानून संवर्धन मोहिमेचं रीतसर उद्घाटन ठरलं.

प्रमुख पाहुणे घसरू नयेत म्हणून कातळभर सतरंज्या अंथरल्या होत्या. उघडं राहिलं होतं ते डबकं आणि त्यातून डोकं वर काढलेलं प्रवाळ. पाहुण्यांनी नारळ उगारला.

"भाऊ, तिथे नको! प्रवाळ आहे ते!" मैथिलीबाई ओरडल्या.

"मग उत्तमच की! ज्याचं कार्य, त्याला मान नको?"

नारळ भाऊंच्या वाडीतला, टणक. बऱ्याच घावांनी दोन्ही फुटली. खोबऱ्याबरोबर प्रवाळाचे तुकडेही वाटले गेले. भाऊंनी आपला शोकेसमध्ये ठेवला. पुढल्या तपासणीत आजारी प्रवाळ एकही आढळलं नाही, म्हणून समितीचं कौतुक झालं. मैथिलीबाई घरी जाऊन ढसाढसा रडल्या.

पुढे एका अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला त्यांना दुसरं प्रवाळ दिसलं. पहिल्याहून मोठं, चांगलं टवटवीत. पदर खोचून, उकिडवं बसून त्यांनी ते डोळे भरून पाहिलं.

"काय बाई, काही सापडलं?" वाटेत भाऊंनी विचारलं.

"छे हो. चार शिंपल्या."

वाचकहो, बरं वाटलं ना? एकदा मुरुडला जावं, मुलांना दाखवावं, एखादा फोटो काढावा, असंही मनात आलं असेल. नेमकं कुठे आहे, हे तर ओठांवरच असेल.

म्हणूनच बाईंनी ते आम्हालाही सांगितलेलं नाही.