हिराजीकाका आणि शिशाची तपासणी

मिठागर गेलं, बाबांचं काम गेलं, तेव्हा आमच्या घरात एकच तवा होता. दुपारी आई त्यावर भंगारातली सर्किटं तापवायची. जोडाचं शिसं वितळलं की पार्ट सुटे व्हायचे, ते विकून घर चालायचं. संध्याकाळी तोच तवा घासून त्यावर भाकऱ्या. तळवलीच्या आमच्या आळीत घरोघरी हेच. शेजारी बाबांचे थोरले भाऊ हिराजीकाका, त्यांच्याकडेही काकू हेच करायची.

पुढे मी शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट, हे मी कुणी न विचारताही सांगते. आता कंपनीत, परदेशी जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मालात नियमापेक्षा जास्त शिसं नाही ना, हे मशीनवर तपासते. एकदा हे काकांना समजावून सांगितलं आणि तिथून काका बिघडले.

हळदीच्या मांडवात वाढप्याला अडवतात, "टोप कुठला रं? आमचे पोरीचे मशीनवर टाकलाय का?" मला तपासायला पापड दिले, सुकी मासळी दिली, एकदा स्वतःची कवळी दिली. "टीव्हीला शिसं चालत नाय, मंग मानसाला कसं चालंल?" हे वाक्य त्यांनी गणपतीच्या आरतीनंतर, प्रसाद हातात घेऊनही म्हटलंय.

आळीत सर्किटं तापवणारी आता एकटी मंदाच उरली होती. काका रोज तिच्या दारात.

"मंदे, पोराचे ताटान इख वाढतंस!"

"पोट तुमची मशीन भरनार हाय का? आनि काकूनी जलमभर काय केला?"

काका वळले. तिथून थेट माझ्याकडे आले, खुर्ची असताना उंबऱ्यावर बसले. काकूला जाऊन बरीच वर्षं झालीत, पण तिचं नाव ते कधी काढत नाहीत.

"तू शिकलीस, खरा सांग. शिसं गोड लागतं म्हनतान. तिचे हातची भाकरी लय गोड लागायची. ती गोडी कसली गो?"

"काकूच्या हाताची."

"मशीनवर बगलंस?"

"ते मशीनवर दिसत नाही, काका."

 दुसऱ्या दिवशी सकाळी काका नवाकोरा तवा घेऊन मंदाकडे गेले. "याचेवर फकस्त भाकरी," म्हणाले, आणि पहिली भाकरी तिथंच बसून, कोरडीच खाल्ली. मंदानं दुसरी वाढली.

मंदाला मी परवाना असलेल्या ई-कचरा केंद्रात कामाला लावलं. ती हातमोजे घालून तेच पार्ट सुटे करते, महिन्याला पगार घेते. आमच्या आळीत आता एकाही चुलीवर सर्किट चढत नाही.