ताजा रिपोर्ट

रोग कोणाला झाला आहे हे ठरवण्याचा पहिला अधिकार सरकारचा असतो, आणि तो रोग्याच्या हाती जाऊ न देणं हे कुठल्याही जबाबदार सरकारचं पहिलं कर्तव्य असतं. म्हणूनच घशाची साथ आली तेव्हा आरोग्य विभागाने एका दिवसात (आणि तोही सुट्टीचा) साथ तपासणी आदेश काढला. कलम चार: यापुढे तपासणी फक्त विभागाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत होईल, इतर सर्वत्र बंद. मध्यवर्ती प्रयोगशाळा अजून उघडायची होती. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात रुग्णांची संख्या तीनशे बारावरून थेट शून्यावर आली. विभागाने स्वतःचं जाहीर अभिनंदन केलं आणि ते नम्रपणे स्वीकारलंही.

दवाखान्यांच्या गल्लीत, जिन्याखाली, एक गृहस्थ छोटी लॅब चालवत. गल्ली त्यांना रिपोर्टभाऊ म्हणायची. त्यांचं यंत्र वीस मिनिटांत निकाल द्यायचं. इतका घाईचा निकाल जनतेच्या मनाला झेपायचा नाही, हे ओळखून विभागाने त्या यंत्राला लाखेचं सील ठोकलं आणि रीतसर पोचही दिली. रिपोर्टभाऊंनी पोच घडी करून खिशात घातली. त्यांचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती आणि तिचं तोंड त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

सूतिकागृहात शिरायला ताजा रिपोर्ट लागायचा. ताजा म्हणजे नमुना दिल्यापासून तीन दिवसांच्या आतला. मध्यवर्ती प्रयोगशाळा (ती आता उघडली होती) रिपोर्ट द्यायची पाचव्या दिवशी. दोन्ही नियमांत खोट काढायला जागा नव्हती. तीन दिवसांचा नियम तज्ज्ञांनी केला होता आणि पाच दिवसांचा यंत्राने.

"बाई, हा तर आत्ता तुम्हीच दिलात," रिपोर्टभाऊ खिडकीतल्या कारकूनबाईंना म्हणाले. "हातात पडला तोच शिळा?"

"शिळा काय म्हणता? चांगले ठणठणीत आहात की! फक्त मुदत संपलीय. नवा नमुना देऊन जा, म्हणजे झालं."

रिपोर्टभाऊंनी नवा नमुना दिला. पाच दिवसांनी तोही ठणठणीत निघाला, आणि तोही शिळा. ते एकटेच नव्हते. तोवर विभागाने चार हजार एकशे बारा रिपोर्ट दिले होते. पैकी निरोगी चार हजार नव्वद, पैकी ताजा एकही नाही.

अकराव्या दिवशी ते तिसऱ्यांदा रांगेत उभे असताना बायकोचा फोन आला. "अहो, आई म्हणतेय नाक तुमच्यावर गेलंय. आणि कौतुकाने नाही म्हणत हां ती. येणार कधी तुम्ही? पोरगी रांगत फाटकापर्यंत आली की?"

डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये म्हणून रिपोर्टभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर आदेश चिकटवलेला होता. काहीतरी वाचल्यासारखं दाखवायचं म्हणून त्यांनी तो वाचायला घेतला, आणि वाचता वाचता कलम चारच्या पुढे गेले. इतक्या पुढे आजवर कोणीच गेलं नव्हतं (आदेशावर सही करणारे साहेबही). कलम सतरा: नमुना संकलक कोणत्याही इमारतीत, कोणत्याही वेळी, विनाअडथळा प्रवेश करू शकेल, त्याने स्वतःचा रिपोर्ट रुजू झाल्यापासून महिन्याभरात, सवडीने, सादर करावा.

"बाई, नमुना संकलकाच्या किती जागा रिकाम्या आहेत?"

"सगळ्याच," बाई म्हणाल्या. "येतंय कोण? लोक दारात उभं करत नाहीत."

दुपारी रिपोर्टभाऊ गळ्यात ओळखपत्र आणि खिशात कापूस लावलेल्या काड्या घेऊन सूतिकागृहाच्या फाटकाशी हजर झाले. ज्या पहारेकऱ्याने त्यांना दहा दिवस बाहेर ताटकळत ठेवलं होतं, त्याने खाडकन सलाम ठोकला.

आत सगळं मनासारखं झालं. नाक खरंच त्यांच्यावर गेलं होतं. मुलीला उराशी धरून ते ढसाढसा रडले, आणि सासूबाईंनीही तेवढ्यापुरतं नाकाला माफ केलं. अडचण पुढेच होती. कलम सतराचा दुसरा भाग सांगतो, की आत शिरलेल्या संकलकाने नमुना घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. मुलीने जांभई दिली, तिचं काम झालं (विभागाच्या नोंदीत आपण होऊन सहकार्य करणारी ती पहिली नागरिक). पण बायकोने तोंड घट्ट मिटलं. सासूबाईंनी त्याहून घट्ट. शेवटी हताश होऊन रिपोर्टभाऊ आपल्या दोन ठणठणीत, शिळ्या रिपोर्टांची हकीकत सांगत बसले. ऐकता ऐकता बायको खळखळून हसली. काडी आत गेली. सासूबाई तिला हसल्या. दुसरी काडी आत गेली. हकीकत सांगितली की तोंड उघडतं, हा शोध शास्त्राला असा अचानक लागला.

साथ कधीच ओसरली. मुलगी आता शाळेत जाते. आदेश मात्र जागच्या जागी आहे, कारण तो मागे घ्यायला वरिष्ठांची बैठक लागते आणि बैठकीला बसायला ताजा रिपोर्ट. लोकांची काही तक्रार नाही. त्यांनी कलम चारच्या पुढे अजूनही वाचलेलं नाही.

रिपोर्टभाऊ आजही घरोघर जातात. तीच हकीकत रोज सांगून त्यांचाच घसा बसायला लागला, म्हणून हल्ली त्यांनी ती छापून घेतली आहे. कागद घरच्या माणसाच्या हातात देतात आणि तो हसेपर्यंत समोर शांतपणे उभे राहतात.

मघाशी तुम्ही हसलात, ते त्यांनी पाहिलंय. आता मान जरा वर करा आणि आ करा. रिपोर्ट पाचव्या दिवशी मिळेल.