सूनबाय, जरा ओरड

माझे सासरे चहासुद्धा नुसता पीत नाहीत. ‘आन् कप बशीवर कलता झालाय... वाफ हाय, रसिकहो, म्हातारा सावध!’ एवढं बोलून मगच पहिला घोट घेतात. कोन गावापासून उरणपर्यंत टेनिस बॉलच्या सामन्यांचं समालोचन त्यांनी उभा जन्म केलं. गुडघे गेले, मैदान सुटलं, पण बोलणं कसं सुटणार? आता खेळाडू आम्ही घरची माणसं. थापताना माझी भाकरी फाटली, की ओटीवरून आवाज येतो, ‘झेल सुटला!’

मी वाढले नवीन पनवेलला. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात मालाच्या नोंदी बघते. काम चोख, पण चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की दातखीळ बसायची. आणि एक दिवस साहेब म्हणाले, ‘माल फुटतोय तो कसा थांबवायचा, यावर मोठ्या साहेबांसमोर प्रेझेंटेशन द्या. जमलं तर शिफ्टच्या इन्चार्ज तुम्ही.’ मी घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, ‘आजारी आहे म्हणून कळव.’ बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गाडी पुसायला निघून गेला.

‘सूनबाय, गच्चीवर जा. मी खाली अंगणात बसतो. तिथून माज्यावर ओरड.’

‘बाबा, तुमच्यावर?’

‘मंग काय! मोठ्या साहेबाची भीती सासऱ्याच्या भीतीपरीस मोठी हाय का?’

त्यांचं शास्त्र साधं. पहिलं वाक्य पाठ, बाकीचं पोटातून. अडखळलं तर थांबायचं. ‘बॉलरचाबी रनअप मोडतो, तो परत मागं जातो. त्याला कोनी हसतं का?’ मी ‘मला असं वाटतं’ म्हटलं, की खालून हात आडवा व्हायचा. ‘नो बॉल! वाटतं काय? तुला म्हाईत हाय!’

हळूहळू जीभ सुटली. एका संध्याकाळी मी गच्चीवरून गरजले, ‘सगळं फुटतंय आणि आपण नुसते बघत बसतो! हे आता चालणार नाही!’ लगेच शेजारची बारकीकाकी दोन बायकांना घेऊन अंगणात हजर. ‘बाय, देवमानूस हाय तुजा सासरा. त्याचा असा पानउतारा करतंस?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा खुलासा करतील म्हणून पाहिलं, तर त्यांची छाती फुगलेली. ‘आवाज नाक्यापर्यंत गेला ना? उद्याला याच्याहून मोठा येल. या, खुर्च्या ठेवतो.’ नंतर कुणी कीव येऊन त्यांना कोलंबीचं कालवण आणून दिलं. तेही त्यांनी मिटक्या मारत खाल्लं, पण खरं काय ते सांगितलं नाही.

प्रेझेंटेशनमध्ये मी एकदा अडखळले. थांबले, मागच्या वाक्यावर गेले, पुन्हा सुरू केलं. कोणी हसलं नाही. शेवटी मोठ्या साहेबांनी उठून माझं अभिनंदन केलं. इन्चार्ज मी झाले, आणि हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

पेढे घेऊन घरी आले. बाबांनी पेढा घेतला आणि हातातच धरून बसले. तोंडातून शब्द नाही. मी घाबरले. ‘बाबा, काय झालं?’

‘तुजी सासू आठवली.’ सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. ‘तिचं चालनं आठवतं, हसनं आठवतं. आवाज नाय आठवत, बाय. माज्यासमोर कदी मोठ्यानं बोललीच नाय ती. मी बोलू दिलं तर ना.’

त्यांनी डोळे पुसले.

‘साहेबाला सांगितलंस ते सगलं मला सांग. पहिल्यापासून. मी मदी बोलनार नाय.’

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं सुरुवात केली. बाबा शेवटपर्यंत नुसते ऐकत होते.